वसुलीवाले दारात आले की काय खरं, काय खोटं? (सोलापूर)

धोटा
नमस्कार मंडळी. मी पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत विडीचं सूप आहे आणि कर्ज नाही असं घर शोधून सापडत नाही. कुणाचं गटाचं, कुणाचं पतसंस्थेचं, कुणाचं मोबाइलवरच्या अ‍ॅपचं, कुणाचं सावकाराचं.

परवा समोरच्या अक्कांकडे वसुलीचा पोरगा आला होता. हेल्मेट डोक्यातच, हातात टॅब, एक पाय उंबऱ्याच्या आत. अक्कांच्या मांडीवर सूप, कात्री पानावर तशीच थांबलेली. "उद्या पोलिस घेऊन येतो, मग बघा" एवढं म्हणून गेला. अक्का त्याच संध्याकाळी कानातलं गहाण ठेवून आल्या. हप्ता थकला होता हे खरं, पण पोलिस खरंच येणार होते का?

आमच्याकडे जे बोललं जातं ते लिहितो. तीन हप्ते चुकले की पोलिस उचलतात. वसुलीवाल्याला घरात घ्यावंच लागतं. जामीनदाराला काही होत नाही, आधी कर्जदाराचं घर विकतात. तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज आपोआप संपतं. बाप गेला की पोराला फेडावंच लागतं. यातलं खरं किती आणि खोटं किती? रविवारी गल्लीतल्या बायांना बसवून सांगायचं आहे. जाणकारांनी साध्या भाषेत लिहा, ही विनंती.

पंढरीची_वाट
फार गरजेचा धागा. वाचतोय.

काळा_कोट
पोलिसांपासून सुरुवात करतो, कारण सगळी भीती तिथूनच येते. कर्जाचा हप्ता थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. पैसे वसूल करून देणं हे पोलिसांचं काम नाही आणि हप्ता चुकला म्हणून कुणाला अटक करायचा अधिकारही त्यांना नाही. वसुलीवाले "४२० लावतो" म्हणतात. ४२० म्हणजे फसवणूक. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम ३१८ मध्ये गेलं आहे, आणि त्यासाठी कर्ज घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. कारखाना बंद पडला, आजारपण आलं, म्हणून हप्ते थांबले तर ती फसवणूक होत नाही.

पण म्हणून "कर्जात जेल कधीच नाही" असंही गल्लीत सांगू नका. चेक दिला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकचा कायदा, सगळे १३८ म्हणतात तो) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप कटणारा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्यातलं कलम २५ तसंच आहे. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत त्यांना नोटीस द्यावी लागते, आणि ती हातात पडल्यापासून पैसे भरायला आपल्याला १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत पैसे भरले तर खटला उभाच राहत नाही. आणि लोक नेमकी तीच नोटीस पोस्टमनकडून घेत नाहीत! घरी असून "नाही म्हणून सांग" म्हणतात. पत्ता बरोबर असेल तर न घेतलेली नोटीसही मिळाली असंच कोर्ट साधारणपणे धरून चालतं.

जुना_कॅशियर
वकीलसाहेबांना अनुमोदन. मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं वसुली विभागातच होतो. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट सांगितलं आहे : थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास नाही, निनावी फोन नाहीत. गटाच्या कर्जाला, म्हणजे मायक्रोफायनान्सला, वेळ आणखी कमी आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. तिथे वसुलीची जागाही दोघांच्या संमतीने ठरलेली असते. त्या जागी कर्जदार सलग दोन किंवा जास्त वेळा आलाच नाही, तरच घरी किंवा कामावर जाता येतं.

घरात घ्यायची सक्ती कुणावरच नाही. दारातच ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. ज्याच्याकडे नाही त्याच्याशी बोलायचं कारण नाही. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याने केलेल्या गैरवर्तनाला बँकच जबाबदार असते. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर बँकेला देता येत नाही.

कडकभाकरी
नियम कागदावर. माझी वहिनी विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहते. गटातल्या एकीचा हप्ता आला नाही म्हणून बाकीच्या सगळ्याजणींना अंधार पडेपर्यंत एका घरात बसवून ठेवलं होतं. लेकरं घरी उपाशी. शेवटी सगळ्यांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर गोळा करून तिचा हप्ता भरला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी कुणी बोलेना. साहेब, तिथे ६ वाजता घड्याळ कोण दाखवणार?

फिल्डवरचा
मी वसुलीच करतो. शिव्या पडतील हे धरून लिहितो.

ताई, तुमच्या वहिनीला बसवून ठेवलं ते चूकच, आणि तसं करणाऱ्याची तक्रार झालीच पाहिजे. पण एक बाजू आमचीही ऐका. महिन्याच्या शेवटी आकडा आला नाही तर आमचा पगार कापतात. मी हुटगी रोड ते कुंभारी दिवसभर गाडीवर फिरतो. दहा घरांपैकी सहा घरांत माणूस आत असून बाहेर कुलूप असतं. फोन लावला तर पोरगं उचलतं, "पप्पा गावाला गेले". वरून साहेब विचारतात, भेट झाली का? मग आवाज चढतो. जे समोर येऊन सांगतात की बाबा, माग बंद आहेत, २० तारखेला एवढे देतो, बाकीचं पुढच्या महिन्यात, त्यांच्यावर ओरडायचं आम्हालाही कारण उरत नाही. तेवढंच शाखेला लिहून दिलं तर आणखी चांगलं.

लोकांचा अजून एक गैरसमज म्हणजे एजंटला व्याज माफ करता येतं. मला एक रुपया माफ करता येत नाही. "साहेब, तुम्ही बघा की काहीतरी" म्हणत माझ्याशी तासभर घासाघीस करून काही होत नाही. शाखेत जा.

कडकभाकरी
तुमचा पगार कापला जातो याचं वाईट वाटतं. पण तो राग बायकांवर निघतो हेही तुम्हीच सांगितलंत.

फिल्डवरचा
खरं आहे.

जुना_कॅशियर
@कडकभाकरी, घड्याळ दाखवायचा प्रश्न योग्य आहे. गटाच्या कर्जात एकमेकींची हमी असते, त्यामुळे पैशाची जबाबदारी येऊ शकते. कुणाला डांबून ठेवायचा अधिकार मात्र त्यातून कुणालाही मिळत नाही. कर्जाच्या कार्डावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो, आधी तिथे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. १४४४८ वर फोन करून मराठीत विचारता येतं आणि एक पैसाही लागत नाही. "लोकपालाकडे वकील लागतो, मुंबईला जावं लागतं" हाही गैरसमजच. अंगावर हात टाकला, कोंडून ठेवलं तर मात्र लोकपालाची वाट बघू नका, सरळ ११२.

मोहोळची_लेक
इथे एक मोठी गोष्ट राहते आहे. जुने कॅशियर काका जे सांगत आहेत ते बँका आणि फायनान्स कंपन्यांना लागू. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि त्या रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, सहकार खात्याखाली येतात. लोकपालाकडे पाठवलेली तक्रार तिथे चालतच नाही.

माझे वडील शिक्षक होते. शाळेतल्याच एकाला पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले. तो माणूस बदली घेऊन गेला आणि हप्ते थांबले. वडिलांना सगळे म्हणत होते, "गुरुजी, आधी त्याचं घर विकतील, मग तुमच्याकडे येतील." तसं काही झालं नाही. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा हुकूम) घेतला आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. दिवाणी कोर्टाची पायरीही कुणी चढलं नाही. सुनावणीची नोटीस आली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ती वाचली आणि "यात काही होत नसतंय गुरुजी" म्हणून परत दिली. आईने ती नोटीस अजून ट्रंकेत ठेवली आहे. घडीवर शाळेचा शिक्का आणि चहाचा डाग.

काळा_कोट
मोहोळच्या ताईंनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. करार कायदा १८७२, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं लिहिलं नसेल तर दोघांपैकी आधी कुणाला धरायचं हे देणारा ठरवतो. जामीनदाराने पैसे भरले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला मिळतो, पण त्यासाठी पावत्या जपाव्या लागतात.

आणि १०१ ची सुनावणी चुकवू नका, हे मी हात जोडून सांगतो. व्याज चुकीचं लावलं, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, जामिनावरची सही माझी नाही, हे सगळं मांडायची जागा तीच. दाखला निघाल्यावर वर दाद मागायची तर वसुलीच्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात.

आपल्याकडे होतं काय, की हेल्मेट घालून ओरडणाऱ्या पोराला लोक घाबरतात आणि टपालाने आलेला शांत कागद देव्हाऱ्यामागे ठेवून देतात. त्या पोराला कायद्याने काहीच करता येत नसतं. सगळी ताकद त्या कागदात असते.

बिनधास्त_सोलापूरकर
एवढं डोकं कशाला लावताय बे! तीन वर्षं फोन उचलू नका, सिम बदला. मुदत संपली की कर्ज खल्लास. माझ्या ओळखीच्या दोघांनी केलंय.

जुना_कॅशियर
बिनधास्त भाऊ, असा सल्ला कृपया देऊ नका. कुणीतरी खरंच ऐकेल.

काळा_कोट
मुदतीच्या कायद्यात साध्या कर्जासाठी तीन वर्षं आहेत, एवढं बरोबर. पण मुदत संपली म्हणजे कोर्टात दावा लावता येत नाही, कर्ज शिल्लकच राहतं. मुदत संपायच्या आत कर्ज मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं किंवा थोडे पैसे भरले, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. घर गहाण असेल तर मुदत १२ वर्षांची. आणि देणारे तीन वर्षं हातावर हात ठेवून बसत नाहीत, तेवढ्यात दावा लागतो, तुम्ही सिम बदललेलं असतं, आणि कोर्टाचा हुकूमनामा (पैसे भरायचा निकाल) एकतर्फी होतो.

जुन्या कर्जावर "फक्त ५०० भरा, फाइल बंद करतो" असा फोन आला तर मात्र सावध व्हा. ५०० ने फाइल बंद होत नसते. आधी खात्याचा उतारा मागा.

बार्शीकर
आणि सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याचा अहवाल? त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. "सेटलमेंट" केलं म्हणजे कर्ज फिटलं असं सगळ्यांना वाटतं. अहवालात तिथे "सेटल्ड" असं येतं, "क्लोज्ड" नाही. पुढे घराचं कर्ज मागायला गेलं की बँकवाला त्या शब्दावर बोट ठेवतो. जमत असेल तर पूर्ण भरून बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा कागद) घ्यावा. सेटलमेंटच करायचं झालं तर रक्कम आणि तारीख बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सातरस्ता
माझी रिक्षा फायनान्सवर आहे म्हणून विचारतो. स्टँडवर सगळे म्हणतात, कोर्टाचा कागद नसेल तर गाडी नेताच येत नाही. खरं का?

काळा_कोट
अण्णा, पूर्ण खरं नाही. करारात ताबा घ्यायचं कलम असेल तर कोर्टात न जाता गाडी नेता येते, पण आधी नोटीस आणि पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते. रस्त्यात अडवून, मारहाण करून, भाडं उतरवून गाडी ओढून नेणं बेकायदा. वसुलीला गुंड लावू नका, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच बँकांना सुनावलं आहे. कराराची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर उद्याच मागा. नेलीच तर आतल्या सामानासकट गाडीची यादी करून सही घ्या आणि फोटो काढून ठेवा.

सातरस्ता
प्रत नाही. उद्या जातो. लई आभार साहेब, सात रस्त्यावर आलात की चहा आपल्याकडून.

कडकभाकरी
अण्णा, चहा सगळ्या धाग्याला पाजावा लागेल आता!

अक्कलकोटरोड
मोबाइल अ‍ॅपचं लिहिते. आमच्या हॉस्टेलवरच्या एका मुलीने छोटं कर्ज घेतलं होतं. हप्ता एक दिवस चुकला तर तिचा फोटो खराब करून तिच्या मामाला, सरांना, सगळ्यांना पाठवला. ती दोन दिवस जेवली नाही. तिला वाटत होतं की पैसे घेतले म्हणजे ते हे करू शकतात, अ‍ॅपला आपणच परवानगी दिली होती ना. अजिबात नाही! कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले नंबर आणि फोटो उघडायचेच नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांतच सांगितलं आहे. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. मुलींनो, स्क्रीनशॉट काढायच्या आधी काहीही डिलीट करू नका. आणि घरच्यांना लगेच सांगा. त्या लोकांचं सगळं बळ तुमच्या गप्प बसण्यावर असतं.

पंढरीची_वाट
सावकारीबद्दलही लिहा कुणीतरी. आमच्या तालुक्यात कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प घेऊन महिन्याला दहा टक्के चालू आहे. लोक म्हणतात, सही केली म्हणजे संपलं.

जुना_कॅशियर
सही केली म्हणून संपत नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हाच गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड. परवाना असलेल्यालाही दर ठरवून दिलेले आहेत : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. वर्षाला, महिन्याला नाही! तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर मागच्या १५ वर्षांतली प्रकरणं तपासून ती परत करायचा आदेश देता येतो. "खरेदीखत झालं, आता काय" म्हणून गप्प बसू नका.

बिनधास्त_सोलापूरकर
हे मला माहीत नव्हतं. आमच्या पाहुण्यांचा एक एकर असाच गेलाय मंगळवेढ्याला. कागद काय काय लागतील?

जुना_कॅशियर
खरेदीखताची नक्कल, सातबारा, पैसे दिल्या-घेतल्याच्या ज्या काही चिठ्ठ्या असतील त्या. जमीन अजून पाहुणेच कसत असतील तर तेही लिहा, त्याला वजन असतं. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मोहोळची_लेक
धाग्यातला एक मूळ प्रश्न राहिला. बाप गेला की पोराने फेडायचं का?

काळा_कोट
वडिलांकडून जी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. काहीच मिळालं नसेल तर स्वतःच्या कमाईतून फेडायचं बंधन नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. दहाव्याला येऊन "नवीन कागदावर सही करा" म्हणतात, ती सही करू नका. ते कर्ज मग तुमचं होतं.

फिल्डवरचा
यात माझीही भर. बऱ्याच कर्जांत सुरुवातीलाच विम्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना ते माहीतच नसतं. गटाच्या कर्जात तर नवऱ्याचाही विमा असतो बऱ्याचदा. माणूस गेला की आधी मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा आणि "विमा होता का" हे लेखी विचारा. आमच्याकडे एका बाईने नवरा गेल्यावरही कित्येक हप्ते भरले, विमा होता तरी. मीच कागद बघून सांगितलं तिला.

कडकभाकरी
हे चांगलं केलंत दादा.

धोटा
मंडळी, काय बोलू. रविवारी बसलो होतो. तीसेक बाया आल्या, चार-पाच गडीही. सगळ्यांनी आपापली कर्जाची कार्डं आणली होती. एकेक उघडून तक्रारीचा नंबर कुठे छापला आहे ते दाखवलं, बऱ्याच जणींनी तो पहिल्यांदाच पाहिला. ९ ते ६ म्हटल्यावर समोरच्या अक्का म्हणाल्या, "मग तो पोरगा दिवे लागल्यावर का येतोय?" आता त्या आणि गटातल्या बाकीच्या मिळून तक्रार देणार आहेत. हप्ताही कमी करून मागणार आहेत, फेडायचं नाही असं कुणीच म्हणालं नाही.

दोन प्रश्न मात्र मला सांगता आले नाहीत. घरातली भांडी-कुंडी, मंगळसूत्र जप्त होतं का? आणि एकीला लोकअदालतीची नोटीस आली आहे, ती वॉरंट समजून दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली.

काळा_कोट
पहिलं. वसुलीवाल्याला घरातला चमचाही उचलायचा अधिकार नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरिवाजाने बाईला काढता न येणारे दागिने जप्तीतून वगळले आहेत. म्हणजे अक्कांची कात्री आणि मंगळसूत्र दोन्ही सुरक्षित. पगारातूनही पहिले १००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सोडावा लागतो. आणखी एक सांगा सगळ्याजणींना : पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही, कलम ५६.

दुसरं. लोकअदालतीची नोटीस म्हणजे बसून तडजोड करायचं बोलावणं. जायला हवं, कारण व्याज कमी करून मिळायची चांगली संधी तिथे असते. आकडा पटला नाही तर नाही म्हणून घरी यायचं, शिक्षा होत नाही. पण सही करायच्या आधी हप्ते झेपतील का ते बघा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बायकांना उत्पन्न न बघता फुकट मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर लाल शिक्क्याचं "समन्स" आलं असेल तर त्यावरचा सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रकरणाचा क्रमांक) ईकोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकून बघा, खोटं असेल तर तिथे काही दिसणार नाही.

धोटा
साहेब, हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून मंदिराच्या कट्ट्याजवळ लावतो. पण आमच्याकडे निम्म्या आज्या तेलुगूच वाचतात.

अक्कलकोटरोड
दादा, माझी आजी भद्रावती पेठेतलीच. मराठी मजकूर व्यनि करा, तेलुगूत मी लिहून देते. फोन नंबर आणि वेळा मोठ्या अक्षरांत वर टाकू, बाकीचं खाली.